पाऊस लागला की माजघरात वायफाय मरतं: चिऱ्याच्या घरासाठी उपाय

मे महिन्यात माणूस येऊन फायबर जोडून जातो. राउटर पडवीत बसतो, ओटीवर बसून सगळे व्हिडिओ बघतात, कुणाची काही तक्रार नसते. मग मिरग लागतो. दारं-खिडक्या बंद होतात, पडवीला पत्रा नाहीतर प्लास्टिकची झड लागते, भिंती ओल धरतात आणि जूनच्या शेवटाला माजघरात बसलेल्याचा फोन नुसता गोल फिरत राहतो. तक्रार केली की माणूस येतो, पडवीत राउटरशेजारी उभा राहून स्पीड मोजून दाखवतो, "लाइन ओके आहे" म्हणतो आणि जातो. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

तो माणूस खोटं बोलत नसतो. लाइन बहुतेक वेळा खरंच ठीक असते. बिघाड असतो तो पडवी आणि माजघर यांच्या मधल्या भिंतीत.

आमचं घर गुहागर तालुक्यात, जांभ्या चिऱ्याचं. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, दोन्ही अंगांना खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि मागची पडवी, वर लाकडी माडी. मधल्या भिंती दीड फुटाच्या. २०२० च्या टाळेबंदीत गावी आलो आणि तेव्हापासून ऑफिसचं काम इथूनच करतो, त्यामुळे हा प्रश्न मला सोडवावाच लागला. नंतर वाडीत आणि नात्यात दहा-बारा घरांतून हेच काम केलं. त्यातून जे हाती आलं ते इथे लिहितो आहे. श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत घरांची बांधणी थोडीफार बदलते, पण चिरा, ओल, वीज आणि माड सगळीकडे तेच.

आधी दोष कुठला ते ठरवा

"वायफाय गेलं" या एका वाक्यात तीन वेगवेगळे बिघाड दडलेले असतात: बाहेरची लाइन, वीज आणि घरातला सिग्नल. प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. हे न ओळखता लोक बाजारातून बूस्टर आणतात आणि तो बिघाड लाइनचा किंवा विजेचा असेल तर पैसे पाण्यात जातात.

नेट अडकलं की राउटरच्या हातभर अंतरावर जाऊन उभे राहा. तिथे सगळं सुरळीत चाललं तर दोष घरातल्या सिग्नलचा. तिथेही अडकलं तर दिवे बघा. एलओएस लिहिलेला दिवा लाल असेल, तर फायबरमधून उजेडच येत नाही आणि घरात काहीही केलं तरी उपयोग नाही. दिवे ठीक आहेत पण नेट दर थोड्या वेळाने दोन-तीन मिनिटं जातं आणि आपोआप येतं, असं होत असेल तर राउटरच्या पानावर (फोनच्या ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की उघडतं ते) जाऊन 'अपटाइम' बघा. राउटर किती वेळ सलग चालू आहे ते तिथे लिहिलेलं असतं. सकाळपासून चालू असलेला राउटर तिथे सात मिनिटं दाखवत असेल, तर तो मध्येच बंद पडून पुन्हा चालू झाला आहे. म्हणजे वीज, नाहीतर ॲडाप्टर.

आणखी खात्री करायची तर फोनवर पिंगचं ॲप घ्या. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते बघणं. एकदा राउटरच्या पत्त्यावर पिंग लावा, बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.१.१ असतो. एकदा बाहेरच्या ८.८.८.८ वर, म्हणजे गूगलच्या पत्त्यावर लावा. राउटरचंच उत्तर उड्या मारत येत असेल तर भिंतींचा त्रास. राउटर लगेच उत्तर देतो आहे आणि बाहेरचं मात्र तुटतं आहे, तर लाइनचा.

कांड्या मोजू नका, आकडा मोजा

फोनवरच्या वायफायच्या कांड्यांवर विश्वास ठेवू नका. अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझर प्रकारचं एखादं फुकट ॲप घ्या, ते सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दाखवतं. आकडा उणे असतो. उणे ५० चांगला, उणे ८० वाईट. व्हिडिओ कॉल न अडकता व्हायला उणे ६७ च्या आसपास किंवा त्याहून चांगला आकडा लागतो. उणे ७० च्या खाली रडतखडत चालतं, उणे ८० ला नाव दिसतं पण काम होत नाही. यातला प्रत्येक ३ चा फरक म्हणजे सिग्नल निम्मा होणं आणि १० चा फरक म्हणजे एक दशांश होणं. त्यामुळे ६६ आणि ७६ हे आकडे दिसायला जवळजवळ असले तरी त्यांच्यात दसपट अंतर आहे.

आता मोजायचं कधी? आषाढात, दारं लावून, झड लावलेली असताना. मी प्रत्येक खोलीच्या चौकटीवर पेन्सिलीने आकडा लिहिला. मे महिन्यात दारं उघडी असताना आमच्या मागच्या खोलीत उणे ७४ होता. जुलैत, दारं बंद आणि भिंती भिजलेल्या असताना, त्याच जागी उणे ८१.

लोक म्हणतात, पाऊस पडतो म्हणून वायफाय जातं. हवेतला पाऊस घराच्या अंतरात वायफायचं जवळजवळ काहीच बिघडवत नाही. ओली भिंत मात्र बिघडवते. जांभा सच्छिद्र आहे, तो पाणी पितो आणि या लहरी पाण्यात शोषल्या जातात. पागोळ्यांचं पाणी ज्या भिंतीवर उडतं ती भिंत जून ते सप्टेंबर सुकतच नाही. जांभ्यात लोखंड असतं म्हणून सिग्नल अडतो असंही सर्रास ऐकू येतं. त्यातलं लोखंड गंजलेल्या, मातीसारख्या रूपात असतं, पत्र्यासारखं नव्हे. खरा दोष जाडीचा आणि ओलीचा. पत्रा मात्र पुरता शत्रू. पडवीला लावलेला पत्रा, लोखंडी कपाट, पिठाची मोठी पत्र्याची कोठी, मोठा आरसा यांच्यामागे सिग्नल सापडत नाही.

फुकटचा उपाय: राउटर हलवा

फायबर घरात जिथून शिरते तिथेच राउटर बसवून माणूस मोकळा होतो. ती जागा मीटरजवळची, टीव्हीमागची नाहीतर पडवीचा कोपरा, म्हणजे घराचं एक टोक. तिथून अर्धा सिग्नल अंगणातल्या तुळशीला मिळतो. जोडतानाच पाच-सात मीटर जास्तीची फायबर मागून घ्या. नंतर सांगितलं तरी करून देतात. फक्त ती केबल काटकोनात दुमडू देऊ नका. वळण निदान चहाच्या कपाच्या गोलाईइतकं हवं, कारण आत काच आहे.

आपल्या घरांचा एक गुण इथे कामी येतो. बऱ्याच जुन्या घरांत पुढचं दार, माजघराचं दार आणि मागचं दार एका रेषेत असतं. सिग्नल चिऱ्यातून जितका जातो त्याच्या कितीतरी पट दारातून जातो, आणि बंद दार असलं तरी लाकूडच आहे. राउटर पडवीच्या कोपऱ्यातून काढून ओटीवर, दारांच्या त्या रेषेत आणला एवढ्यानेच आमच्या माजघरात उणे ७४ चा उणे ६६ झाला. एक पैसा खर्च नाही.

उंची पाच ते सात फूट ठेवा. अँटेना उभ्या ठेवल्या तर सिग्नल आडवा, चारी अंगांना पसरतो. वर माडी असेल तर एक अँटेना आडवी करा. टोकातून सिग्नल निघत नाही, त्यामुळे अँटेनाचं टोक खोलीकडे रोखण्यात अर्थ नाही.

आत्याच्या घरी राउटर सागवानी कपाटात कुलपात होता. "अरे बाहेर ठेवला की पाली शिरतात त्यात, मागचा असाच गेला," आत्या म्हणाली. तिचं म्हणणं बरोबर आहे. राउटरची ऊब पावसाळ्यात पालींना आणि मुंग्यांना ओढून आणते. पण बंद कपाटात तो तापतो, आणि लोखंडी जाळीच्या पेटीत ठेवला तर सिग्नलच कोंडतो. आम्ही तो भिंतीपासून बोटभर पुढे, लाकडी फळीवर, वायरींना मुंग्यांच्या खडूची रेघ मारून टांगला. दोन पावसाळे गेले, ठीक आहे.

२.४ आणि ५

राउटर दोन पट्ट्यांवर चालतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हार मानतो. २.४ हळू, पण दूर पोहोचतो. दोन्हीला एकच नाव असलं की फोन आपल्या मनाने निवडतो आणि पुष्कळदा चुकीचं निवडतो. एकच राउटर असेल तर नावं वेगळी करा: माजघरापलीकडे २.४, राउटरच्या खोलीत ५.

इंटरनेटवरचा बहुतेक सल्ला मुंबई-पुण्याच्या इमारतींसाठी असतो. तिथे वीस शेजाऱ्यांचे राउटर एकमेकांवर ओरडत असतात, म्हणून चॅनेल, म्हणजे पट्टीतला आपला भाग, बदलण्यावर सगळा भर. आपल्या वाडीत दोन घरांच्या मध्ये पोफळींचं आगर असतं. इथे चॅनेलने फार फरक पडत नाही, बाजारपेठेत राहत असाल तर पडेल. २.४ वर चॅनेल १, ६ किंवा ११ यांतलाच एक ठेवा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा आणि पुढे जा.

जास्त शक्तीचा राउटर घेऊन प्रश्न सुटत नाही, हेही सांगून टाकतो. राउटर कितीही मोठ्याने बोलला तरी फोनला उत्तर द्यावं लागतं, आणि फोनचा आवाज लहानच असतो. मग कांड्या पूर्ण दिसतात आणि नेट चालत नाही.

रिपीटर: का फसतो

जिथे सिग्नल येत नाही तिथेच रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे पाठवणारा बूस्टर, लावतात, ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. ज्याला स्वतःला ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार? रिपीटर लावायचा तर जिथे राउटरचा आकडा उणे ६०-६५ आहे तिथे, म्हणजे वाटेच्या मध्यावर. आणि तो एकाच रेडिओवर घेतो आणि देतो असा असेल तर वेग साधारण निम्मा होतो. आईच्या व्हॉट्सॲपला पुरतो, कामाच्या व्हिडिओ कॉलला नाही. मेश म्हणून विकतात ते दोन-तीन डब्यांचे संच याहून चांगले, पण तेही हवेतूनच बोलत असतील तर त्यांनाही दीड फुटी ओली भिंत ओलांडायचीच आहे. त्यांना मागून केबल जोडली तर ते उत्तम चालतात.

खरा उपाय: एक केबल, दुसरा ॲक्सेस पॉइंट

सगळं करून बघितल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. चिऱ्याच्या घरात भिंत सिग्नलने नव्हे, केबलने ओलांडायची. ओटीवरच्या राउटरमधून एक लॅन केबल आत न्यायची आणि तिच्या टोकाला दुसरा वायफायचा डबा, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, लावायचा. आत नवा, ताजा सिग्नल तयार होतो.

केबल कॅट ६ घ्या, १०० मीटरपर्यंत चालते. बाहेरून जाणार असेल तर काळ्या आवरणाची, ऊन-पावसाची. दुकानात दोन प्रकार मिळतात: शुद्ध तांब्याची आणि तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. दुसरी स्वस्त असते. समुद्राच्या खाऱ्या हवेत ती दोन-तीन पावसाळ्यांत दगा देते. ब्लेडने तार खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर परत करा.

भिंतीला भोक पाडायची गरज दर वेळी नसते. दाराच्या लाकडी चौकटीतून, खिडकीच्या कोपऱ्यातून, नाहीतर वाशांच्या बाजूने माळ्यावरून केबल जाते. कौलारू घरात आतल्या भिंती पुष्कळदा आढ्यापर्यंत गेलेल्या नसतात, वरून मोकळी वाट असते. विजेच्या वायरींना चिकटून नेऊ नका, वीतभर अंतर ठेवा. बाहेरच्या भिंतीला भोक पाडावंच लागलं तर ते बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा आणि केबल आत शिरण्याआधी तिला खाली झोल द्या. पाणी केबलवरून ओघळत येतं आणि झोलाच्या तळाशी गळून पडतं. झोल नसेल तर तेच पाणी सरळ भिंतीत शिरतं.

दुसरा डबा कुठे ठेवायचा? माडी असेल तर माडीवर, माजघराच्या बरोबर वर. तक्तपोशी इंचभर लाकडाची, भिंत दीड फूट चिऱ्याची. वरून खाली सिग्नल सहज उतरतो आणि एकाच जागेवरून माजघर, दोन्ही बाजूंच्या खोल्या आणि स्वयंपाकघर सांभाळतो. स्लॅबच्या घरात हे जमत नाही, तिथे प्रत्येक मजल्याला वेगळा डबा लागतो. गळतीसाठी गच्चीवर पत्रे टाकले असतील तर गच्चीवरही खालचा सिग्नल येईल अशी आशा ठेवू नका.

नवा ॲक्सेस पॉइंट घेतलात तर उत्तम, पण घरात पडून असलेला जुना राउटरही चालतो. तो लॅपटॉपला केबलने जोडा आणि रिसेट करा. त्याचा पत्ता बदला, म्हणजे मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. मग त्यातलं डीएचसीपी, म्हणजे फोनना पत्ते वाटण्याचं काम, बंद करा. हे विसरलात तर दोन राउटर फोनना पत्ते वाटत बसतात आणि नेट कधी चालतं, कधी नाही. दिवसच्या दिवस शोधत राहावं असा हा बिघाड आहे. वायफायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरचेच द्या, चॅनेल मात्र वेगळा: ओटीवर १ तर माडीवर ६ किंवा ११. आणि मुख्य राउटरची केबल याच्या वॅनमध्ये (बाहेरच्या लाइनच्या भोकात) नव्हे, लॅनच्या भोकात घाला. काही राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड नावाचं एकच बटण असतं, ते दाबलं की बरंचसं आपोआप होतं.

यानंतरही एखादा फोन माडीवरचा जवळचा सिग्नल सोडून ओटीवरच्यालाच धरून बसतो. अशा वेळी मुख्य राउटरची शक्ती थोडी कमी करून बघा. उलटं वाटतं, पण त्याने फोन वेळेवर हात सोडतो.

मांगर आणि आगरातली खोली

घरापासून तीस-चाळीस मीटरवर मांगर असतो, हल्ली तिथे पर्यटकांसाठी खोलीही बांधलेली असते. तिथे तांब्याची लॅन केबल टाकू नका. मेच्या अखेरीला आणि ऑक्टोबरात इथे विजा कडाडतात. जवळपास वीज पडली की दोन इमारतींमधल्या तांब्यातून दाब येतो आणि दोन्हीकडची यंत्रं एकदम जातात. आमच्या ओळखीच्या एका घरी राउटर, टीव्ही आणि कॅमेऱ्याचा डबा एकाच संध्याकाळी गेले. तिथे फायबर टाका, दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि लॅन जोडणारे डबे, लावा. काचेतून वीज वाहत नाही. फक्त केबलमध्ये आधाराला स्टीलची तार असेल तर ती यंत्रापर्यंत नेऊ नका, बाहेरच कापा.

दोन अँटेना समोरासमोर लावून हवेतून जोडणी करता येते, पण मध्ये एकही झाड नसेल तरच. पोफळीची ओली पानं सिग्नल खातात आणि झाड दर वर्षी वाढतं.

वीज आणि लाइन

वीज डोळा मिचकावते तेव्हा बल्ब नुसता लवतो, पण राउटर बंद पडून पुन्हा चालू होतो आणि त्यात तीन मिनिटं जातात. उपाय लहान आहे: राउटरसाठीचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस, म्हणजे बॅटरीचा डबा. ॲडाप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर बघूनच घ्या. घरात इन्व्हर्टर असला तरी हा वेगळा घ्या असं मी सांगेन, कारण काही इन्व्हर्टर वीज बदलताना क्षणभर तोडतात. ॲडाप्टर जुना झाला की राउटर कारण नसताना अडखळतो, तेव्हा राउटर बदलण्याआधी ॲडाप्टर बदलून बघा. आभाळ गडगडायला लागलं की राउटरची विजेची आणि लॅनची, दोन्ही पिना काढून ठेवा.

खाऱ्या हवेचा एक बिघाड पटकन ओळखता येतो. लॅनच्या जोडणीचा वेग १००० एमबीपीएसवरून १०० वर उतरला, तर आठपैकी एखादी तार पिनेशी नीट टेकत नाही. पिनेवर हिरवट गंज दिसेल. घासत बसू नका, ती पिन कापून नवी लावा.

लाइनचा संशय असेल तर राउटरच्या पानावर 'आरएक्स पॉवर' शोधा. हा फायबरमधल्या उजेडाचा आकडा, वायफायच्या आकड्याशी त्याचा संबंध नाही. उणे १५ ते उणे २५ मध्ये असेल तर निश्चिंत राहा. उणे २७ च्या आसपास गेला की लाइन तुटायला लागते. कोरड्या दिवशी उणे २२ आणि पावसात उणे २७ दिसत असेल, तर खांबावरच्या जोडाच्या डब्यात पाणी शिरलं आहे किंवा झावळी पडून केबल ताणली आहे. दोन्ही दिवसांचे फोटो तारीख-वेळेसह काढून ठेवा. नुसतं "नेट स्लो आहे" या तक्रारीवर माणूस येऊन राउटर बंद-चालू करतो. "पावसात पाच डीबीचा फरक पडतो" असं सांगितलं आणि फोटो दाखवले तेव्हा आमच्याकडे शिडी घेऊन माणसं खांबावर चढली.

गणपतीचे पाच दिवस

वर्षभर तीन फोन असलेल्या घरात चतुर्थीला चाकरमानी येतात आणि फोन वीस-पंचवीस होतात. हा पोहोचण्याचा नव्हे, गर्दीचा प्रश्न आहे. कंपनीने दिलेला साधा राउटर एवढ्या फोनना पुरा पडत नाही, त्यात आरतीनंतर प्रत्येकाचे फोटो आपोआप वर चढत असतात. आम्ही पाहुण्यांसाठी ओटीवरच्या राउटरवर वेगळं गेस्ट नाव चालू करतो आणि त्याला वेगाची मर्यादा घालतो. माडीवरचा डबा घरच्यांसाठी राहतो. जुन्या डब्यावर वेगळं गेस्ट नाव देण्याच्या फंदात पडू नका, ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये ते पुष्कळदा नीट चालत नाही.

आता आमच्या चौकटींवर पेन्सिलीचे दोन आकडे आहेत, जुने खोडलेले नाहीत. माजघर ७४ होतं, आता ४८. मागची खोली ८१ होती, आता ५७, आणि तो आकडा जुलैचा आहे. न्हाणीघराशेजारच्या कोपऱ्यात अजून ७८ आहे. तिथे चूल आणि पाण्याचा हंडा आहे, म्हणून तिकडे केबल नेली नाही.